तीन हाका

माझी नोकरी हाकेची.
खानापूर कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून
पक्षकाराचं नाव घ्यायचं, तीनदा.
पहिली हाक कन्नडात, कारण कागद कन्नड.
दुसरी मराठीत, कारण बाकावरची माणसं मराठी.
तिसरीला भाषा नसते,
ती नुसती घशातून येते.

बाई आल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या.
इंदुमती मुचंडीकर, मुन्सफ.
बेळगावच्या बसमधून उतरायच्या चिखलात,
चपला एका हातात, फायली दुसऱ्या.
खुर्ची त्यांच्याहून मोठी.
मी बुडाखाली जुन्या गॅझेटांचा गठ्ठा ठेवला,
तो त्यांनी काढायला लावला.
"परशराम, उंची कमी पडली तर मी उभी राहीन."

त्याच वर्षीची गोष्ट.
हलशीची म्हातारी, विहिरीचा दावा, समोर सख्खा दीर.
कागदावर नाव: गंगव्वा हलशी.
तीन हाका दिल्या. बाक हललं नाही.
गैरहजर. दावा खारीज.
सही झाली, शाई वाळली,
दीर बाहेर जाऊन चहा पिऊन आला.

संध्याकाळी दारं लावताना बघतो
तर ती तिथंच,
मांडीवर फडकं, फडक्यात अर्धी भाकरी.
"माझं कवा ओ?"
"नाव काय आजी?"
"गंगूबाई शिवाप्पा देसूरकर."
जन्मात तिला कुणी गंगव्वा म्हटलं नव्हतं.
माझा आवाज दिवसभर
तिच्या डोक्यावरून गेला होता,
दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

बाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.
म्हातारीचा अर्ज आला, अंगठ्यासकट,
दावा परत बोर्डावर चढला.
आणि तेव्हापासून
गैरहजर लिहायच्या आधी बाई उठायच्या.
काळा कोट सावरत उंबऱ्यापर्यंत,
एकेक तोंड बघत.
न्यायाधीश उभे म्हटल्यावर वकीलही उभे,
दिवसातून वीसदा.
बार रूममध्ये म्हणायचे, कोर्ट आहे की तालीम?

मग बदल्या.
हुक्केरी, अथणी, बिदर,
कारवार, जिथं फायलींना बुरशी धरते
आणि साक्षीदार कोकणीत रडतात.
मग जिल्हा न्यायाधीश. मग हायकोर्ट, धारवाडचं खंडपीठ.
पेपरात फोटो आला तेव्हा
इकडचे म्हणाले आपली बाई,
तिकडचेही म्हणाले आपली बाई.
एका निकालानंतर
दोघांनीही म्हणणं सोडलं.
मी तो फोटो कापून ठेवला,
भाकरीच्या डब्याच्या झाकणात.

धारवाडहून येणारे वकील सांगायचे,
तिथं व्हरांड्यात माणसं नसतातच, परशा,
सगळे पक्षकार कागदी.
तरी तुमची बाई मधेच उठून उभी राहते.
कंबर धरते बहुतेक.
मी म्हणायचो, होय की, कंबरच असेल.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष.
बोर्डावर कुंपणाचा एक दावा, चार फूट जागा.
कम्प्युटरनं नावातला कर खाल्ला होता:
इंदुमति मुचंडि.
वाचलं, आणि बाहेर बघितलं.

त्याच बाकावर,
कापडी पिशवी, पाण्याची बाटली, केस सगळे पांढरे.
ओळख दाखवली नाही. मीही नाही.
आत नवे साहेब, वय फार तर अठ्ठावीस,
खुर्ची त्यांच्याहूनही मोठी.

लिहिलंय तसंच पुकारायचं, हा नियम.
"इंदुमति मुचंडि, अदारेन्री?"
बाई समोरच्या नळाकडे बघत राहिल्या.
दुसरी हाक मराठीत दिली.
बाटलीचं झाकण उघडलं, बंद केलं.
तिसरी
घशाशी आली आणि अडकली,
तरी दिली.

तेव्हा कुठं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
हळूच विचारलं,
"आतले साहेब उठतात का रे?"
"अजून नाही बाई."
"मग बसते थोडी."

आत टाइपिंग थांबलं.
खुर्ची करकरली.
चाळीस वर्षं ऐकतोय मी खुर्च्या.
उठण्याचा आणि रेलून बसण्याचा
आवाज अगदी एकच असतो.